फळ्यावर लिहिलेलं शहर

मोहाडीत बाजाराच्या रस्त्याला आमच्या संघटनेची एक खोली आहे. दाराशेजारी भिंतीतच काळा फळा केलेला आहे. खोलीचा नियम असा की आत जे काही होणार असेल त्याचा विषय आधी या फळ्यावर लिहायचा आणि बोलणार कोण तेही खाली लिहायचं. दार लावायचं नाही. कोणीही यावं, ऐकावं, उठून जावं. हा नियम माझ्या जन्माच्या आधीचा. बंद दाराआड बैठका घेणाऱ्या संघटना कशा फुटतात ते हा नियम करणाऱ्यांनी पाहिलं होतं.

फळ्यावर लिहिण्याचं काम मी शाळेत असल्यापासून माझ्याकडे आहे, कारण बाबांचं अक्षर वाचता येत नाही आणि माझं येतं. बाबा संघटनेची पत्रकं लिहितात. आमच्या घरात कोऱ्या वह्या क्वचितच आल्या. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, गुलाबी, पिवळे, फिकट हिरवे, आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, गणितं सोडवली, चित्रं काढली. चित्र काढून झालं की कागद उलटून पुढची बाजू वाचायची. मला गोष्टी सांगणारं कोणी नव्हतं असं नाही, पण मी आधी वाचायला शिकले ते मजुरीचे दर, तलावाचं पाणी आणि जादूटोण्याचा आळ या विषयांवरचे ठळक मथळे. आजही माझं वाक्य कुठे तरी मागणीपाशी जाऊन थांबतं. संपादक सांगतात, तेव्हा कळतं.

नागपूरला कॉलेजात असताना वसतिगृहात मला एक खेळ कळला. कागद, पेन्सिल आणि वीस तोंडांचा एक फासा एवढंच सामान. एकजण सूत्रधार होतो. तो एक जग तयार करतो, त्यातली माणसं, रस्ते, भांडणं. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात आणि काय करायचं ते बोलून ठरवतात. जमलं की नाही हे फासा सांगतो. जिंकणं-हरणं असं काही नसतं. गोष्ट पुढे जात राहते. शिक्षण संपवून मोहाडीला परत आले तेव्हा सामानात तो फासा होता, आणि एक हट्टही होता की पत्रक नसलेलं काही तरी आपण तयार करायचं.

मी एक शहर तयार करायला घेतलं. त्यावर रक्तपिपासूंचं राज्य आहे आणि हे शहरातल्या कोणालाच माहीत नाही, अशी कल्पना होती. पाठकोरे कागद खळीने एकमेकांना चिकटवून मी मोठा नकाशा केला. मधोमध तलाव. वरच्या अंगाला दगडी हवेल्या, खालच्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या कडेने वस्त्या. कोतवाली, धर्मशाळा, कोष्ट्यांची गल्ली, सुताराचं दुकान. राज्य कोण करतं हे सापडू नये म्हणून मी सापळ्यात सापळे ठेवले. खोटा राजा ठेवला, त्याच्यामागे खोटा प्रधान, प्रधानाच्या मागे एक देवस्थान. खेळणाऱ्यांना खरा धागा सापडायला निदान वर्ष लागावं, असा माझा हिशोब होता.

खेळणारे दोघं. एक माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती आठवडाभर भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी असते. दुसरा आमचा एकोडीचा मित्र. तो वायरमनचं काम करतो आणि इथे आत्याकडे राहतो. खेळायला जागा ही एकच खोली होती. मैत्रिणीच्या घरी एका परक्या मुलासोबत चार तास बसून गप्पा मारायची सोय नव्हती, हॉटेलात बसणं तर दूरच. या खोलीत मात्र ती येऊ शकत होती, आणि तेही फळ्यामुळे. तिचा भाऊ मोटरसायकल फळ्यासमोर उभी करायचा, विषय वाचायचा, उघड्या दारातून एकदा आत बघायचा आणि निघून जायचा. रविवारची ती दुपार तिला अख्ख्या आठवड्यात मिळणारी स्वतःची अशी एकच वेळ होती. ही खोली गेली असती तर माझा खेळ गेला असता. तिचा रविवार गेला असता.

पहिल्या रविवारी मी लवकर जाऊन खोली झाडली, चटई टाकली, नकाशा पसरला. मग बाहेर जाऊन, हात इतकी वर्षं करत आला तेच करून, फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: विषय – शहरावर छुपं राज्य करणाऱ्या रक्तपिपासूंचा शोध.

अधोरेखितसुद्धा केलं.

मैत्रीण आणि मित्र दोघं एकदमच आले. बराच वेळ ते आत येईनात, म्हणून मी दाराशी गेले. दोघं फळ्यासमोर उभे होते.

"काहून वं," मैत्रीण म्हणाली, "हे छुपं होतं ना?"

"हो."

"मंग फळ्यावर कायले लिहिलं?"

मित्र म्हणाला, "आता आमाले माहीत नाही असं दाखवावं लागन का? मले नाही जमत बा. मी लगेच हासतो."

तेवढ्यात तिचा भाऊ आला. गाडीवर बसूनच त्याने फळा वाचला. "हे कोनत्या पक्षाचं हाये?"

"कोणत्याच नाही, दादा," मी म्हटलं. "खेळ आहे."

"बरं. सुटते किती वाजता?" त्याने विचारलं आणि उत्तर ऐकून तो गेला.

त्या दिवशी खेळ झालाच नाही. आम्ही नकाशाभोवती बसलो आणि मी चिडून सगळे सापळे सांगून टाकले. खोटा राजा, खोटा प्रधान, देवस्थान. ऐकून झाल्यावर मैत्रिणीने नकाशावरच्या तलावावर बोट ठेवलं.

"याचं पाणी केव्हा सोडाचं ते कोन ठरवते?"

मी ते ठरवलंच नव्हतं. तलाव शोभेसाठी होता.

"धान हाये ना इथं? मंग पाणी सोडणारा तोच राजा. तुह्या राजा-प्रधानाले कोन पुसते?"

मित्राच्या मनात वेगळंच होतं. रक्तपिपासूंचे नियम मी एका परदेशी पुस्तकातून घेतले होते. ऊन त्यांना सोसत नाही, वाहतं पाणी त्यांना ओलांडता येत नाही आणि बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात शिरता येत नाही. या शेवटच्या नियमाला तो हसला. "आमच्या एकोडीत दारात कुत्रं आलं तरी लोक या-बसा म्हणतात. हा तुहा मानूस एका सकाळी गाव फिरून येईन. चहा पिऊन."

"सकाळी ऊन असते," मैत्रीण म्हणाली.

"मंग लग्नात येईन. पत्रिकेत लिहूनच रायते, सहकुटुंब सहपरिवार. अख्ख्या खानदानाले आवतन."

ते मी लगेच लिहून घेतलं. माझ्या शहरात रक्तपिपासू तलवारीने आले नाहीत. ते लग्नपत्रिकांवरून घराघरांत आले. सगळ्यांनी त्यांना स्वतःहून बोलावलं होतं. आणि वाहतं पाणी ओलांडता येत नाही म्हटल्यावर तलावाचं दार उघडण्याचा दिवस हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न झाला. कालव्यातून पाणी वाहू लागलं की ते आपल्या हवेल्यांत अडकून पडणार. म्हणजे दार केव्हा उघडायचं हे त्यांना ठरवायलाच हवं, आणि ते तर ठरतं पाण्याच्या सभेत, दिवसा, उन्हात, माणसांमध्ये. त्यासाठी त्यांना माणसं लागणार होती. ज्यांच्या बांध्यांना पहिलं पाणी मिळतं अशी माणसं.

म्हणजे शहरात गुपित नव्हतंच. सगळ्यांना माहीत होतं. पाण्याच्या सभेत ते कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनीही जाता-येता फळा वाचला होता. हे काय लिहिलंस, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ते पोळी मोडता मोडता म्हणाले, "लुटणारा मानूसच असते, बेटा. त्याले दात लावले की तू त्याले सूट देऊन राहिली. लोक म्हनतीन, तो बिचारा रक्तपिपासू होता, त्याचा स्वभावच तसा."

"बाबा, पण दिवसा राज्य माणसंच करतात."

"मंग दात कायले पाह्यजे?"

मी ताटावरून उठले. आमच्या घरात असं उठण्याला कोणी फार मनावर घेत नाही.

खरी अडचण गुरुजींची झाली. गुरुजी म्हणजे संघटनेचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांचा शब्द जड. ते सोमवारी घरी आले आणि बसायच्या आधीच बोलले.

"ज्या खोलीत आपण करणीचा आळ आलेल्या बायांना बसवलं, त्यांच्या गावात जाऊन सभा घेतल्या, त्याच खोलीच्या दारावर रक्तपिपासू? उद्या एखादा येऊन म्हणेल, तुम्हीच लिहिलंय ना, असतात म्हणून."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. अशा एका बाईला आमच्याच घरी बरेच दिवस ठेवलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. ती रात्रंदिवस दाराकडे पाठ करून बसायची. त्या वेळच्या पत्रकाच्या पाठीमागे मी काढलेलं घराचं चित्र आईने अजून ठेवलं आहे. गुरुजी काय राखत होते ते मला कळत होतं, आणि तरी मी भांडले.

"गुरुजी, तुम्ही एकदा येऊन बघा. मग ठरवा."

"पाहतो. पण नाही पटलं तर रविवारी खोली मिळणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो."

मैत्रिणीला हे सांगायला मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. ती कोणाचा तरी सातबारा यंत्रावर सरळ करत होती. ऐकून तिने झाकण लावलं, बटण दाबलं, बाहेर आलेला कागद उचलला. "मंग रविवारी मी कुठं जाऊ?" एवढंच तिने विचारलं.

त्या आठवड्यात मी शहर पुन्हा लिहिलं. गुरुजींना पटावं म्हणून लिहिलं, हे कबूल करायला हरकत नाही. खालच्या वस्तीत मी एक म्हातारी ठेवली, एकटी राहणारी. वस्तीत कोणी आजारी पडलं, कोणाच्या अंगातलं रक्त कमी झालं, की हवेलीकडून हळूच तिचं नाव सोडलं जातं. रक्त पिणारे आपल्यावरचं बोट असं दुसरीकडे वळवतात. आळ घेणं हेच त्यांचं हत्यार. माझी खात्री होती की मैत्रीण आणि मित्र भर सभेत म्हातारीच्या बाजूने उभे राहतील, हवेलीवाल्यांचं नाव घेतील, आणि गुरुजी खूश होऊन उठतील. ती सभा कशी व्हावी ते मी मनात पुरतं रचलं होतं. भाषणंही.

रविवारी गुरुजी आणि बाबा भिंतीला टेकून खुर्च्यांवर बसले. आम्ही चटईवर. मैत्रिणीचं पात्र होतं खालच्या अंगाची एक शेतकरीण, मित्राचं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राखण करणारा माणूस. मी सांगायला लागले. पाऊस ओढला आहे. तलावात पाणी आहे, पण दार बंद आहे. धानाची रोपं, पऱ्हे, लावणीला तयार आहेत, पण पाण्याविना रोवणा अडला आहे. उद्या सभा. संध्याकाळी हवेलीचा एक कारभारी शेतकरणीच्या दारात येतो.

"या, बसा," मैत्रीण म्हणाली. मित्र खुदकन हसला.

मी कारभाऱ्याच्या आवाजात बोलले. "उद्या सभेत त्या म्हातारीचं नाव निघेल. तुला काही म्हणायचं नाही. फक्त गप्प बसायचं. तुझ्या बांध्यांना पहिलं पाणी."

मैत्रिणीने फासा हातात घेतला, पण टाकला नाही. "पऱ्ह्यांले किती दिवस झाले?"

"महिना होत आला. रोपं जून व्हायला आलीत," मी म्हटलं.

"अजून थांबले तर?"

"वाया जातील."

"मंग मी गप्प बसतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया घरात असंच बोलतात, बसतो, येतो. ती खेळतानाही घरातलीच भाषा बोलते.

मला वाटलं ती गंमत करते आहे. मी कारभाऱ्याला जाऊ दिलं, सभा भरवली, म्हातारीचं नाव काढलं आणि मैत्रिणीकडे बघितलं. ती नकाशाकडे बघत होती. मित्राने पाळीवरून आवाज दिला, "हे खोटं हाये," पण फासा त्याच्या बाजूने पडला नाही. राखणदाराचं सभेत कोणी ऐकलं नाही. म्हातारीला वस्तीबाहेर काढायचं ठरलं. तलावाचं दार उघडलं. पाणी आधी शेतकरणीच्या बांध्यांत गेलं.

मी खेळ थांबवला. "असं कसं तू करू शकतेस? एका निरपराध बाईचा बळी देऊन तू पाणी घेतलंस. तुझ्यासारख्यांच्या गप्प बसण्यावरच तर त्यांचं राज्य उभं आहे. आपण जर..."

"थांब," ती म्हणाली. "तू आमाले खेळू देऊन राहिली का पत्रक वाचून दाखवून राहिली?"

मित्राने तोंडावर हात ठेवला. बाबा खाली बघून हसत होते. गुरुजी हसले नाहीत.

"पटलं म्हणून नाही बसली मी गप्प," मैत्रीण पुढे म्हणाली. "तू इचारलं का मले, ते पाणी आल्यावर मी काय केलं? रोवणा करताना त्या बाईच्या घराकडं पाह्यलं का नाही? तुले फक्त सभा पाह्यजे होती. सभेतलं भाषण पाह्यजे होतं."

रस्त्याने कोणी कोथिंबिरीची जुडी घेऊन जात होतं, ते दारात थांबून आत बघून पुढे गेलं. मग गुरुजींनी मैत्रिणीला विचारलं, "मग काय केलं तू? पाणी आल्यावर?"

ती सांगू लागली. शेतकरणीने रोवणा केला. घरी जाऊन भात टाकला. सासूने विचारलं, म्हातारीचं काय झालं? ती म्हणाली, मी पाणी पाहत होतो, माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली तेव्हा बाकीच्या बाया तिच्याशी नेहमीसारखंच बोलल्या, कारण त्याही गप्प बसल्या होत्या. तिला ते सगळ्यात वाईट वाटलं. मी यातलं काहीच लिहून आणलं नव्हतं. सूत्रधार मी होते आणि मी ऐकत होते.

तिचं झाल्यावर बाबा गुरुजींना म्हणाले, "आळ घेणाऱ्याच्या विरोधात आपन किती पत्रकं काढली. सभेत गप्प बसलेल्यायच्यासाठी एक तरी काढलं का?"

"काय लिहिणार त्यात?" गुरुजी म्हणाले.

"तेच म्हनतो मी."

गुरुजी उठले. चपला घालताना माझ्याकडे वळून म्हणाले, "रविवारी खोली वापरा. पण रक्तपिपासू हा शब्द फळ्यावर यायचा नाही. आतमध्ये जे होतं तेच लिहायचं, सरळ शब्दांत. आणि नियम तोच. दार उघडं."

मी म्हटलं, "गुरुजी, मग शहराचं गुपित..."

"गुपित कशाला पाहिजे? तुझ्या शहरात सगळ्यांना माहीतच आहे म्हणालीस ना."

घरी येताना बाबांनी दातांचा विषय पुन्हा काढला आणि आम्ही पुन्हा भांडलो. त्यांचं मत अजून बदललेलं नाही. माझंही पूर्ण बदललेलं नाही. रक्तपिपासू शहरात आहेत, हवेल्यांतच आहेत. पण आता खेळात त्यांच्यापर्यंत कोणी फारसं जात नाही. त्यांचे खोटे राजे आणि प्रधान मी नकाशावरून खोडून टाकले. त्या जागी खालच्या वस्तीतली घरं काढली, आणि प्रत्येक घराच्या बांधीला पाणी कितव्या नंबरावर पोचतं ते लिहिलं. नकाशा दिव्याकडे धरला की अजून मागचे मथळे दिसतात.

पुढच्या रविवारी मी खोलीवर गेले तेव्हा चटई आधीच टाकलेली होती आणि गुरुजी भिंतीजवळच्या खुर्चीत येऊन बसले होते. मैत्रीण दुकानातून लवकर निघून आली होती. खडू तिच्या हातात होता. फळ्यावर तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

विषय – म्हातारीचं नाव निघालं तेव्हा मी सभेत गप्प का बसली.
उत्तर देणार – मी.

अधोरेखित केलेलं नव्हतं.

मी "बसली"चं "बसले" करायला खडू मागितला, तिने दिला नाही. मित्र आला, त्याने वाचलं आणि तो आत जाऊन बसला. मग तिच्या भावाची गाडी आली. त्याने नेहमीसारखा फळा वाचला. पुन्हा वाचला.

"कोनती म्हातारी?" त्याने विचारलं.

"आत बस, दादा. सांगतो," ती म्हणाली.

त्याने गाडी बंद केली, बाजूला स्टँडवर लावली, दाराशी चपला काढल्या आणि भिंतीजवळच्या खुर्चीत, गुरुजींच्या शेजारी येऊन बसला.